हाकेला ओ

आमच्या गॅलरीसमोर विजेचा एक खांब आहे आणि त्यावर एक कोतवाल बसतो. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा, आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या घारीच्या मागे लागणारा हा पक्षी मला आवडतो, कारण त्याचा स्वभाव माझ्यासारखा आहे. परवा सकाळी तो खांबाभोवती फिरफिर फिरला आणि बसायला जागा नाही म्हणून निघून गेला. खांबावर बॅनर लागला होता. जोडलेले हात, पांढरेशुभ्र दात आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आपले नाना'. मागच्या निवडणुकीत त्या चेहऱ्यामागे दुसऱ्या रंगाचा झेंडा होता. चेहरा तोच आहे, दातही तेच आहेत. मी दुर्बीण खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हटलं, "सुहास, परत आले बघ." त्याने चहाचा कप उचलला आणि आत गेला, कारण पुढचं सगळं त्याला पाठ आहे.

लोकांना मोगऱ्याचा वास आला की माहेर आठवतं. मला बॅनर दिसले की मागच्या निवडणुकीचा हिवाळा आठवतो आणि कानशिलं तापतात. वय झालं की राग निवतो म्हणतात. मी साठीला आले, माझा निवला नाही. निदान ह्या एका बाबतीत तो निवू नये, याची मी काळजी घेते.

तर, आमच्या कुत्र्याचं नाव नाना. उमेळ्याच्या रस्त्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या बाईच्या टोपलीमागे तो मला सापडला. गावठी, तपकिरी, भुवयांच्या जागी दोन पांढरे ठिपके. घरी आणला तेव्हा मुलीचं, मुक्ताचं, कॉलेज चालू होतं. आता ती नोकरीला पुण्यात असते. पिल्लू उंबऱ्यात बसून आमच्याकडे असं बघत होतं, जणू आम्ही सगळे उशिरा घरी आलो आहोत. मुक्ता म्हणाली, "आई, हा साताऱ्याच्या नानांसारखा बघतोय." साताऱ्याचे नाना म्हणजे माझे थोरले काका. तेही असेच दारात बसायचे आणि आल्यागेल्याला डोळ्यांनीच झापायचे. हे नाव घरातून आलं होतं, आमच्या माणसाचं होतं. तेव्हा वसईतला कुणी दुसरा नाना आम्हाला ठाऊकही नव्हता.

नाना ह्या नावाची एक खुबी मला नंतर कळली. सुहास आणि मी पक्षी बघतो. लग्नानंतर आम्ही इथे राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीमागे केळीच्या बागा होत्या आणि बागांमागे थेट खाजण, खाडीलगतची खारी दलदल. आता बागांच्या जागी इमारती आहेत आणि खाजण बरंच मागे सरकलं आहे, पण चालत जाता येतं. पक्षी बघायला जाताना कुत्रा नेऊ नये, हे सगळेच सांगतात. पण आमच्या नानाला नेता यायचं, कारण त्याला हळू हाक मारता यायची. शेरू, टायगर, सीझर ही नावं ओरडावी लागतात, आणि 'श' आणि 'स' ऐकले की पाणथळीतले पक्षी बिचकतात. 'नाना' मात्र श्वासाच्या आवाजात म्हणता येतं. मी बांधावर उकिडवी बसून तोंडातल्या तोंडात म्हणायची, "नाना," आणि पुढे गेलेला कुत्रा जागच्या जागी वळायचा. समोरच्या शेकाट्यांना पत्ता लागायचा नाही. लाल काड्यांच्या पायांवर ते आपले उथळ पाण्यात टोचत राहायचे.

बांध आमचा नव्हे, हरिश्चंद्रकाकांचा. काकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठच्या जमिनी कसणारं. मुलं नोकरीधंद्याला लागली, काका अजून भात लावतात, भात निघाला की वाल आणि भाजी करतात, आणि खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या उघाडीजवळच्या डबक्यात बदकं पाळतात. पहिल्यांदा कुत्रा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "बाय, पाखरं बगा, किती पन बगा. पन ह्यो कुत्रा पयल्या हाकेला परत आला पायजे. माजी बदकं हायत. नाय आला तं दुसऱ्या दिवशी बांधावर आनायचा नाय."

मी तिथेच हाक मारून दाखवली. कुत्रा वाऱ्यासारखा आला. काका हसले आणि म्हणाले, "माजी पोरं बी येवढी ऐकत नाय."

हिवाळ्यातल्या त्या सकाळी कशा होत्या, हे मला नीट सांगता येणार नाही, आणि रागाच्या भरात तर नाहीच. ओहोटीला चिखल उघडा पडायचा, त्याला एक खारट, कुजकट, पण ओळखीचा वास असायचा. पिवळे धोबी शेपट्या हलवत बांधावरून पुढे पुढे चालायचे. पायाखाली येईपर्यंत न दिसणारा पाणलावा अचानक फर्रकन उडायचा. दलदलीवरून शिकारी भोवत्या खाली खाली तरंगत यायचा आणि सगळी बदकं एकदम गप्प व्हायची. नाना पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून पडलेला असायचा. त्याचे फक्त कान फिरायचे, एक खाजणाकडे, एक माझ्याकडे. तो कान माझ्याकडे आहे, ह्याच्या भरवशावर मी तासन्‌तास डोळ्याला दुर्बीण लावून बसायची. घरात मांजरही आहे, शेवंता. ती आमच्यापैकी कुणाच्याही हाकेला कधीच आली नाही. ती फक्त मासेवालीच्या हाकेला येते. त्यामुळे हाकेला ओ देणारं घरात एकच जनावर होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता.

मग तो दुसरा नाना आला. त्याचं नाव, आडनाव मी लिहिणार नाही. लिहून उपयोगही नाही, कारण कुणीच ते घेत नव्हतं. बॅनरवर नाना, रिक्षावर नाना, भिंतीवर नाना. ह्या लोकांची मला सगळ्यात मोठी चीड येते ती इथेच. ह्यांनी आमच्या घरातली सगळी नाती उचलून नेली. भाऊ नेला, दादा नेला, ताई नेली, काका नेले, अण्णा नेले, तात्या नेले. रक्ताचं नातं नाही, कधी घरी येऊन पाणी प्यायलेले नाहीत, आजारपणात कधी डबा आणलेला नाही, आणि म्हणायचं मात्र आपले दादा, आपली ताई. आता सोसायटीच्या जिन्यात कुणी 'अण्णा आलेत' म्हणालं तर आधी विचारावं लागतं, घरचे की पक्षाचे? साताऱ्याच्या आमच्या नानांनी आयुष्यभर स्वतःचं नाव कुठल्या भिंतीवर लिहिलं नाही. त्यांना कळलं असतं तर त्यांनी उंबऱ्यातून असं काही बघितलं असतं की ह्या माणसाने बॅनर स्वतः उतरवला असता.

पहिल्या दिवशी रिक्षा आली तेव्हा मी भाजी चिरत होते. आधी ताशाचा ठेका, मग तो आवाज: "नाना! नाना! नाना! तुमचा नाना, आमचा नाना, घराघरांतला नाना! हाक मारा, नाना हजर!" कुत्रा चटईवर झोपला होता. तो धडपडून उठला. आधी माझ्याकडे बघितलं. मी हाक मारली नव्हती. मग तो दाराकडे गेला, फटीला नाक लावलं आणि शेपूट हलवत उभा राहिला. बाहेर कुणीतरी आपल्याला बोलावतंय, आणि इतकं मोठ्याने बोलावतंय म्हणजे नक्कीच काहीतरी महत्त्वाचं असणार, अशी त्याची समजूत. दार उघडलं तर तो तीन जिने उतरून फाटकापर्यंत गेला. रिक्षा तोवर पुढच्या गल्लीत. तिथूनही तेच, नाना, नाना. तो फाटकाच्या गजांतून नाक काढून कितीतरी वेळ उभा होता.

मी हसले, हे कबूल करते. सगळेच हसले. सोसायटीचे सेक्रेटरी कदम म्हणाले, "वहिनी, तुमचा नाना प्रचाराला निघाला." कुणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, 'नानांचा खरा कार्यकर्ता' असं लिहून. दुसऱ्या दिवशी रिक्षा सकाळी आली, दुपारी आली, संध्याकाळी आली. तिसऱ्या दिवसापासून दोन रिक्षा आल्या आणि एक टेम्पो. दर वेळी कुत्रा उठला. जेवता जेवता उठला, झोपेतून उठला, मुतता मुतता पाय खाली टाकून धावला. दर वेळी दाराशी गेला आणि दर वेळी कुणीही नव्हतं. माझं हसू कधी थांबलं ते मला आठवत नाही, पण त्या आठवड्यात थांबलं एवढं खरं.

तो व्हिडिओ नको तिथे पोचला. एका दुपारी नानांची पोरं फाटकाशी आली, गळ्यात पक्षाची उपरणी. सुहास कुत्र्याला फिरवून आणत होता. मी जिन्यात होते, मला सगळं ऐकू आलं.

"काका, तो फेमस कुत्रा हाच ना? नाव काय याचं?"

माझा नवरा भला माणूस आहे. त्याने आयुष्यात कधी रांग मोडली नाही, कधी कुणाशी भांडला नाही. तो त्या पोरांकडे बघून म्हणाला, "मोती."

"मोती? व्हिडिओत तर नाना म्हणत होते."

"नाही नाही, मोतीच. मोती, चल."

कुत्रा बसूनच राहिला. तो मोती ह्या माणसाची वाट बघितल्यासारखा इकडेतिकडे बघू लागला. मी उरलेल्या पायऱ्या उतरले आणि म्हटलं, "नाना." तो उठून माझ्या पायाशी आला. पोरं खूश झाली. एकाने स्वतःच्या गळ्यातलं उपरणं काढून कुत्र्याच्या गळ्यात घातलं आणि दुसऱ्याने फोटो काढला. "आंटी, भारी आहे. एकदम निष्ठावंत." मी उपरणं काढलं, त्याची नीट घडी केली आणि त्या पोराच्या हातात दिली. म्हटलं, "हे ज्याला पगार मिळतो त्याला घाल." पोरं जाताना फाटक जोरात आपटून गेली.

स्वयंपाकघरात आमचं वाजलं. "तू त्याचं नाव बदललंस?" मी विचारलं.

"अगं, वेळ मारून नेली. निवडून आला तर पाण्याच्या टँकरपासून सगळं त्याच्या हातात असणार. कुत्र्याच्या नावावरून कशाला वाकडेपणा? लोकांना वाटेल आपण मुद्दाम चिडवायला ठेवलंय."

"आपला नाना आधीचा आहे, सुहास."

"ते तुला माहीत, मला माहीत. त्यांना सांगत बसू?"

हो, सांगत बसायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. आपल्या घरात, आपल्या कुत्र्याला, आपल्या काकांच्या नावाने हाक मारायची भीती वाटावी, ही काय रीत झाली? पण सुहासवर राग काढून काय होणार होतं? भीती त्याने तयार केली नव्हती, ती त्याच्यापर्यंत पोचवण्यात आली होती, तीही भोंग्यावरून.

शेवटी मी रिक्षाच गाठली. कोपऱ्यावर वडापावच्या गाडीपाशी ती थांबली होती, आवाज चालूच. चालक तुळिंजचा एक चाळिशीचा माणूस होता, हातात चहा, चेहरा दमलेला. मी म्हटलं, "दादा, जरा ऐका. आमच्या कुत्र्याचं नाव नाना आहे. तुम्ही ओरडता तेव्हा त्याला वाटतं त्यालाच बोलावतायत. आमच्या गल्लीपुरतं तरी उमेदवाराचं पूर्ण नाव घ्या ना."

तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. "मॅडम, मी कुठे ओरडतोय? पेन ड्राइव्ह आहे. त्यांनी भरून दिलाय, लावायचा आणि फिरायचं. बंद केला तर फोन येतो, मागे पोरं बाइकवर असतात चेक करायला. माझं पण डोकं उठलंय, सच बोलतो. रात्री घरी गेलो तरी कानात नाना नाना चालू असतं."

"मग म्हणतंय कोण हे?"

"काय माहीत. कोणीतरी स्टुडिओवाला असेल. मुंबईचा."

घरी येईपर्यंत माझा संताप मावेना. म्हणजे हाक मारणारा माणूसच नव्हता. कुत्र्याच्या जगात हाक ह्या गोष्टीला एकच अर्थ असतो. हाक आली म्हणजे त्या टोकाला कुणीतरी आहे, त्याला आपण हवे आहोत. खायला देईल, फिरायला नेईल, निदान डोक्यावर हात ठेवेल. एवढ्याशा विश्वासावर तो कुत्रा दिवसभर उठत होता, धावत होता, दाराला नाक लावत होता, आणि त्या टोकाला कुणीच नव्हतं. ज्याला आपण कोण हेही माहीत नाही, अशा एका बोटभर यंत्रासाठी तो जीव आटवत होता. त्याचं खाणं कमी झालं. रात्री झोपेत पाय हलायचे.

आणि मग बांधावरची ती सकाळ. थंडी होती, पाण्यावर धुकं होतं, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच तलवार बदकांची चांगला मोठा थवा उतरला होता. लांब टोकदार शेपट्या, चॉकलेटी डोकी, मानेवरून उतरलेली पांढरी रेघ. मी दुर्बिणीतून बघत होते. तेवढ्यात काकांच्या घराच्या बाजूने, पाण्यावरून अगदी स्पष्ट, ताशाचा ठेका आला. "नाना! नाना! नाना!" मी दुर्बीण टाकून कुत्र्याचा पट्टा धरायला गेले, पण तो सुटला होता. बांधावरून सरळ आवाजाच्या दिशेने. वाटेत काकांचं डबकं. पाळीव बदकं किंचाळत चारी दिशांना पांगली, त्यांच्या आवाजाने खाजणातली सगळी पाखरं एकदम उठली, तलवार बदकं, शेकाटे, तुतारी, बगळे, सगळं आभाळ पंखांनी भरून गेलं आणि मग रिकामं झालं. मी हाका मारत होते. भोंगाही हाका मारत होता. तो माझ्यापेक्षा मोठा होता.

काका लुंगी खोचत आले. एक बदक एका पायाने लंगडत होतं. "बाय, काय सांगितलं होतं मी तुमाला? पयल्या हाकेला आला पायजे. उद्यापासून बांधून आना, नायतर आनूच नका."

"काका, तो भोंगा तुमच्या दारात उभा आहे. तुमच्या भिंतीवर त्याचं चित्र आहे."

"मंग? निवडनूक हाय. बोंबलनार नाय तं काय करनार?"

"तुम्हाला काय दिलंय त्याने, एवढं उराशी धरायला?"

काकांनी लंगडणारं बदक उचलून काखेत घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "वरती तुमच्या बिल्डिंगी झाल्या, भराव टाकला. पानी जायला वाट नाय ऱ्हायली. दर पावसात माजं भात पान्याखाली. नाला साफ करून देतो म्हनतो तो. हाक मारा, येतो म्हनतो. तुमी याल का, बाय?"

त्या इमारतींपैकी एक माझी आहे. पण म्हणून राग जात नाही, उलट तो आणखी कुठे कुठे पसरतो. मी कुत्र्याला पट्टा लावला आणि आम्ही परत आलो.

मतमोजणीच्या दिवशी नाना निवडून आला. आमच्या गल्लीत फटाक्यांची माळ लागली, गुलाल उडाला, शेवंता फ्रिजमागे जाऊन बसली. शंभर माणसं खाली उभी राहून एकसुरात नाव घेत होती. मी कुत्र्याला धरायला गेले. तो चटईवर पडला होता आणि उठला नाही. डोळे उघडे, हनुवटी जमिनीवर. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, शहाणा झाला, कळलं त्याला, सुटला एकदाचा. खालचा गोंधळ शमल्यावर मी फिरायचा पट्टा घेतला आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "नाना, चल." तो तसाच पडून होता. मी पुन्हा म्हटलं. त्याचा कान हलला, म्हणजे ऐकू आलं होतं. पण तो उठला नाही.

डॉक्टरांनी कान तपासले. "ऐकू अगदी चांगलं येतंय, मॅडम," ते म्हणाले. ते मला ठाऊक होतं. ऐकू येत होतं, हेच तर वाईट होतं.

निवडणुकीचा मोसम सरला तेव्हा भोंगे गेले आणि डंपर आले. खाजणाच्या कडेने मातीचा एक नवा रस्ता झाला होता, त्यावरून भराव घेऊन गाड्या ये-जा करायच्या. मी कुत्र्याला पट्ट्यानेच न्यायची. मार्चमध्ये एका सकाळी बांधावर कुणी नव्हतं, पक्षी परतीच्या तयारीत होते, पोटभर खाऊन जडावलेले. मला वाटलं, आता तरी. मी पट्टा काढला. तो वास घेत घेत पुढे गेला, आणि मग बांध उतरून रस्त्याकडे वळला. कामणच्या बाजूने एक डंपर येत होता. मी श्वासाच्या आवाजात म्हटलं, "नाना." कान हलला. मान वळली नाही. मी जरा मोठ्याने म्हटलं. मग मी ओरडले. इतक्या वर्षांत त्या बांधावर मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी घसा फाटेपर्यंत ओरडले, नाना, नाना, नाना. सगळी पाखरं उडाली. तो एकटा आपल्या चालीने चालत राहिला.

मी धावले. चिखलात गुडघ्यावर पडले, उठले, पुन्हा धावले. डंपरवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून मला जी शिवी घालायची ती घातली. कुत्रा रस्त्याच्या कडेला एका फाटक्या पिशवीचा वास घेत उभा होता. मी त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं तेव्हा तो दचकला, मग ओळखून शेपूट हलवली. माझ्यावर त्याचा राग नव्हता. त्या शब्दावरचा विश्वास तेवढा उडाला होता. मी तिथे धुळीत बसून रडले, आणि दुःखापेक्षा रागानेच जास्त.

दुसरी नावं देऊन पाहिली. मुक्ताने पुण्याहून फोनवरून सुचवली, सुहासने लाजत लाजत मोतीही करून बघितलं. एकही लागलं नाही. जनावराला नाव एकदाच लागतं बहुतेक. आता मला तो हवा असला की मी उठून त्याच्यापर्यंत जाते आणि पाठीवर हात ठेवते. बांधावर तो पट्ट्यानेच येतो. पक्षी बघताना माझा एक हात कायम त्या पट्ट्यात अडकलेला असतो, दुर्बीण हलते, आणि पाणलावा मला दिसायच्या आधीच उडून जातो.

पावसाळ्यात काकांचं भात पुन्हा पाण्याखाली गेलं. नाला होता तसाच तुंबलेला. काकांनी खूप फोन केले. 'नाना मीटिंगमध्ये आहेत' एवढंच उत्तर मिळालं. नंतर तेही मिळेनासं झालं. मला भेटले तेव्हा म्हणाले, "हाका मारून दमलो बाय. कोन येतं?" मी त्यांना काही सुनावलं नाही. माझ्या संतापाला आता त्यांच्याकडे तोंड करायची इच्छा उरली नव्हती.

आणि काल, नव्या झेंड्याखाली, तो स्वतः आला. घरोघरी भेटी. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. बॅनरपेक्षा बुटका, घामेजलेला, मागे जिनाभर माणसं. सुहासने दार उघडलं आणि बाजूला झाला. कुत्रा दारातच आडवा पडला होता. त्या माणसाने हात जोडले, मग जरा मागे सरकून हसत विचारलं, "चावत नाही ना? काय नाव ह्याचं?"

सुहासने माझ्याकडे बघितलं. ह्या वेळी त्याने मोती म्हटलं नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

"नाव होतं," मी म्हटलं. "ते तुम्ही नेलंत. तुमचं काम झालं असेल तर परत द्या."

त्याला कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. तो मोठ्याने हसला, मागची माणसं हसली, कुणीतरी सुहासच्या हातात पत्रक दिलं. मी पुढचं बोलायला तोंड उघडलं. भाताचं, नाल्याचं, डंपरचं, सगळं माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, "थांबा, माझं अजून झालेलं नाही." तेवढ्यात वरच्या जिन्यातून एका पोराने आवाज दिला, "नाना, चला."

आणि तो माणूस पहिल्याच हाकेला वळला.